खिडकीतल्या माणसाचा नंबर

आईच्या तपासणीसाठी मी दर महिन्याला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात जाते. संगणक अडला की केसपेपरच्या खिडकीतला कारकून आईला म्हणतो, "सर्व्हर झोपलाय मावशी, तुमी जाग्या ऱ्हावा." एवढ्या खर्चाची नवी यंत्रणा मोबाईल नंबराशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून फोन नसलेल्यांच्या नावापुढे तो आपलाच नंबर टाकतो. मला ही सोय पसंत होती.

काल मी खिडकीशी असताना त्याच्या फोनवर संदेश आला : 'रक्ताचा अहवाल गंभीर. त्वरित दाखल व्हा.' त्यात नाव नव्हतं, आणि सर्व्हर बंद.

"कुणाचा हो?" मी विचारलं.

"सकाळपास्नं माझ्या नंबरावर चौघी हायत, ताई. रक्त देऊन गावच्या एसटीला गेल्यात. चौघींनाबी माघारी आणाय पायजे."

"ओ सायेब, आमचा केसपेपर?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. तोवर तो एसटी स्टँडकडे पळत सुटला होता.