दहाव्याचा आमदार

आमच्या पक्षात माझ्या त्या दोस्ताला काय काम होतं, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगायचो, दहाव्याला जाणं. आमच्याकडचं निम्मं राजकारण नदीकाठी चालतं. माणूस गेला की दहाव्या दिवशी काठावर मांडव पडतो, माइक लागतो आणि पिंडाला कावळा शिवायच्या आधी सगळ्या पक्षांचे पुढारी मेलेल्याचे गोडवे गाऊन घेतात. जिवंतपणी त्याला ओळख न दाखवलेलेही. एका सकाळी चार गावांत दहावे असले की आमचे पुढारी, म्हणजे साहेब, जिथं मतं बक्कळ तिथं जायचे. उरलेल्या ठिकाणी साहेबांच्या वतीने हा जायचा.

सायखेड्यात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शेत वीतभरही नव्हतं. मी नाशिकच्या कचेरीत बसून पक्षाची पत्रकं लिहायचो, तो दर आठवड्याला यायचा, आणि दोन निरुद्योगी माणसांची जमते तशी आमची जमली. नव्वदच्या दशकात त्याच्याइतके दहावे पक्षात कुणी गाठले नसतील.

त्याची एक रीत होती. काठावर जायच्या आधी तो गावातल्या चहाच्या टपरीवर थांबायचा आणि गेलेला माणूस कसा होता ते विचारून घ्यायचा. मग माइकवर एकच खरी गोष्ट सांगायचा. एका म्हातारीबद्दल म्हणाला, हिच्या दारातून कुणी ताक न पिता परत गेलं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग 'साहेबांना स्वतः यायचं होतं, पण...' अशी थाप मारून तो चटकन खाली बसायचा, कारण कावळा खोळंबतो. थाप मात्र इतक्या कळवळ्याने मारायचा की मला किळस यायची. साहेब तेव्हा बहुधा अंथरुणातच असायचे. मी त्याला तोंडावर 'दहाव्याचा आमदार' म्हणायचो. तो आपला हसायचा.

पंचायत समितीचं तिकीट त्याने दोनदा मागितलं. दोन्ही वेळा ते साहेबांच्या सोयऱ्याधायऱ्यांत गेलं. दुसऱ्या वेळी मी त्याच्या घरी जाऊन म्हणालो, "सोड आता ही हमाली."

"साहेब इसरत नसतात," तो म्हणाला. "माझ्या दहाव्याला बघ, सोता येतील."

"तू कसा बघणार, गाढवा?"

"मी नाय, ही बघंल ना." त्याने बायकोकडे बोट केलं. वहिनी चहा गाळत होत्या. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते खरं धरलं होतं.

पुढे काही वर्षांनी, सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते तेव्हा, तो दुकानातच छातीत कळ येऊन गेला. अंत्ययात्रेला साहेब आले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "दहाव्याला येतील. ह्ये सांगून गेलेत."

दहाव्याच्या सकाळी गोदेच्या काठावर वहिनी रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. धाकट्या दिराने पिंड मांडायला घेतला तर म्हणाल्या, "थांबा थोडं, साहेब यिऊ द्या." पक्षाची पोरं मोबाइल कानाला लावून सांगत होती, साहेब निघालेत, साहेब ओझरला आलेत. ऊन चढलं. सकाळी काठावर कलकलाट करणारे कावळे कंटाळून निघून गेले. आयुष्यभर या माणसाने कुणाचा कावळा खोळंबू दिला नाही, आणि त्याचाच खोळंबला.

शेवटी पांढरी गाडी आली. वहिनी उठून उभ्या राहिल्या. गाडीतून काळा चष्मा लावलेला एक तरुण उतरला, साहेबांचा नवा प्रतिनिधी. टपरीवर थांबणं बिंबणं त्याच्या गावी नव्हतं. माइक हातात घेऊन म्हणाला, एक प्रगतिशील द्राक्ष बागायतदार आपल्यातून हरपला. मला तर त्याचा माइक हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. मग तो म्हणाला, "साहेबांना स्वतः यायचं होतं, पण..."

हे वाक्य वहिनींना पाठ होतं. नवऱ्याने सदऱ्याची बटणं लावता लावता ते घरात किती वेळा म्हटलं असेल. त्या खाली बसल्या.

पिंड मांडला. एकही कावळा फिरकेना. दीर नदीकडे हात जोडून कबूल करत राहिला, मुलींची लग्नं मी करीन, दुकान मोडणार नाही. काही उपयोग झाला नाही. गुरुजींनी हातात दर्भ घेतला. म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववतो. खरा नाही आला तर त्याच्या जागी हा चालतो."

"हां, उरका मग," प्रतिनिधी घड्याळ बघत म्हणाला. "मला पुढं वणीला एक दहावा आहे."

वहिनी उठल्या आणि रस्त्याकडे पाठ करून पिंडापाशी जाऊन बसल्या.

"नाय," त्या दिराला म्हणाल्या. "खऱ्याच्या जागी दुसरंच, ह्ये आमच्या घरानं लय केलं. आता बास. खरा येईल तवा येईल. भाऊजी, तुमाला जायचं तर जा, मी बसते."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. पाठोपाठ मांडवही पांगला. मी चपला काढल्या आणि वहिनींच्या मागे वाळूवर बसलो.