फायटरचं पाणी

मासे पाळायची हौस आमच्या घरात कुणालाच नव्हती. मासे खायचीही नव्हती, तो भाग वेगळा. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर काचेची टाकी आली आणि तिच्यात अंगठ्याएवढा निळा फायटर मासा आला. तो आणला होता ह्यांच्या उजव्या हातासाठी.

हे म्हणजे माझे यजमान. खडकीला कारखान्यात, धातूंच्या विभागात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन जरा कुठे निवांत बसत होते, तेवढ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचेतला एक शब्द तेवढा मागे राहिला, 'अगं'. भूक लागली की अगं, बाथरूमला जायचं असलं की अगं, पंखा बंद कर म्हणूनही अगंच. लग्न झाल्यापासून मला मारलेली हाकच तेवढी उरली, म्हणून भेटायला येणाऱ्यांचे डोळे भरून येत. दिवसभर तेवढंच ऐकत घर चालवायचं झालं तर डोळे भरायला वेळ मिळत नाही.

व्यायाम घ्यायला एक मुलगी येई. चांगली होती, पण हे तिच्यासमोर डोळे मिटून बसत. ती त्यांचा हात उचलायची आणि सोडला की तो मांडीवर पडायचा.

"काकू, काकांना ना, कशात इंटरेस्टच नाहीये," ती म्हणाली. "काहीतरी जिवंत आणा त्यांच्यासमोर."

"मी आहे की," मी म्हटलं.

ती बिचारी ओशाळली. पण लेकीने ते मनावर घेतलं. ती बंगळूरहून आली होती, परत जायच्या आधी बुधवार पेठेत गेली आणि हा मासा घेऊन आली. दुकानात म्हणे एकेका बरणीत एकेक नर वेगळा ठेवलेला असतो, कारण दोघं समोरासमोर आले की एकमेकांना फाडून काढतात. मी म्हटलं, बरं झालं, एकटाच आणलास. ह्या घरात भांडायला मी पुरेशी आहे.

काचेवर बोट टेकवलं की तो मासा चवताळून यायचा. कल्ले फुलवायचा, शेपटी पसरायचा, आणि बोट बाजूला घेतलं की विजयी वीरासारखा एक फेरी मारायचा. हे डाव्या बोटाने त्याला चिडवायला लागले. मग एके सकाळी मी आमटीला फोडणी देत असताना पाहिलं, तर काचेवर जे बोट होतं ते उजवं होतं. थरथरत होतं, पण होतं. मोहरी जळाली तरी मी हलले नाही. व्यायामाची मुलगी आली तेव्हा तिला टाकीसमोर उभं करून दाखवलं, आणि ती टाळ्या वाजवायला लागली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस मला परत मिळेल.

तेव्हापासून तो मासा घरातला सर्वांत मोठा पाहुणा झाला. तो उडी मारतो म्हणून टाकीवर जाळी बसवली. चिमूटभरच दाणे घालायचे, जास्त घातले तर पोट फुगतं, हे मी पाठ केलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते थेट घालू नका, रात्रभर बादलीत ठेवा आणि थोडं थोडं बदला, असं दुकानदाराने लेकीला सांगितलं होतं. मी ते देवाच्या सोवळ्यासारखं पाळलं. दिवाळीपर्यंत मासा इतका गुटगुटीत झाला की लेक फोनवर म्हणाली, "आई, तू ह्याचे फारच लाड करतेस." करतच होते. का नाही करणार?

भाऊबीजेला नणंद आली ती तांब्याचं पिंप घेऊन. छान तोटी असलेलं, लखलखीत. "वहिनी, दादाला रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी देत जा," ती म्हणाली. "शिरा मोकळ्या होतात." शिरांचं मला माहीत नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. मी रोज संध्याकाळी ते पिंप चिंच-मिठाने घासायची, भरायची, आणि सकाळी पहिला पेला ह्यांना द्यायची.

मग मनात आलं, माशालाही रात्रभर ठेवलेलंच पाणी लागतं. मग त्याला बादलीतलं कशाला? ह्या घरावर त्याचे एवढे उपकार, आणि त्याला मी मोरीतल्या बादलीतलं पाणी घालते! दुसऱ्या दिवसापासून त्याचं पाणीही पिंपातलं झालं.

थंडी पडली आणि मासा मंदावला. आधी त्याने दाणे सोडले. मग शेपटीची घडी घालून कोपऱ्यात उभा राहायला लागला. निळा रंग विटून राखाडी दिसायला लागला आणि अंगावर बुळबुळीत साय धरल्यासारखं काहीतरी आलं. श्वास मात्र जोरजोरात चालायचा. हे बोट काचेवर टेकवायचे, तो वळूनही बघायचा नाही. ते थोडा वेळ बोट तसंच ठेवायचे, मग हात खाली घ्यायचे.

सगळे म्हणाले, थंडी. मलाही तेच वाटलं. टाकीत घालायचं छोटं हीटर आणलं, बाहेरून शाल गुंडाळली. मासा तसाच. मीठ घालून बघितलं. कुणीतरी सांगितलं की देशी बदामाचं वाळलेलं पान टाका, तर रस्त्यावर पानं वेचत फिरले. झाडणारी बाई म्हणाली, "आजी, आख्खं पोतं घेऊन जा, माझं काम हलकं होईल." पान टाकल्यावर पाणी चहासारखं झालं, मासा तसाच. आणि घाण पाण्याने होत असेल म्हणून मी पाणी बदलत राहिले. जितका तो खचला तितकं मी जास्त बदललं.

शेवटी स्टीलच्या डब्यात त्याला घालून रिक्षाने बुधवारात गेले. दुकानदाराने डब्यात डोकावलं न डोकावलं.

"पाणी बदलता का?"

"रोज."

"रोज कशाला? तुम्ही रोज घर बदलता का?"

"अहो, तो मरायला टेकलाय आणि तुम्ही मला शहाणपण शिकवताय!"

"पाणी नळाचं घालता का?"

"नाही. रात्रभर ठेवलेलं."

"मग बरोबर आहे तुमचं. थंडी आहे, जुना असेल, जगला तर जगला. दुसरा घेऊन जा, हा लाल बघा."

कशात ठेवलेलं, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाणी ते पाणी. तिथून निघाले आणि जवळच्या गणपतीसमोर डबा छातीशी धरून उभी राहिले. माशासाठी काय मागायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ह्याला जाऊ देऊ नको, एवढंच. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, नैवेद्य तिकडे द्यायचा." मला हसू आलं नाही.

लाल मासा का नाही घेतला, असं लेकीने विचारलं. तिला कसं सांगू? ह्यांना तोच हवा होता. टाकीतला मासा कोपऱ्यात गेल्यापासून ह्यांनी व्यायाम सोडला. ती मुलगी हात उचलायची आणि तो पुन्हा मांडीवर पडायचा, अगदी पहिल्यासारखा. जेवण अर्धं टाकायला लागले. आणि रडायला लागले. विशेषतः सकाळी, मी पिंपाची तोटी सोडली की 'अगं, अगं' म्हणून डावा हात पुढे करायचे. मी पेला भरून तोंडाला लावायची. ते तोंड फिरवायचे. मी दुसरा भरून न्यायची. ते पेला ढकलायचे आणि रडायचे.

"झटक्यानंतर होतं असं," मी फोनवर नणंदेला सांगायची. "पाणी मागतात आणि घेत नाहीत. काही कळत नाही गं त्यांना आता." हे मी सगळ्यांना सांगायची, आणि त्यांच्या खुर्चीशेजारीच उभी राहून सांगायची. लपवायचं कुणापासून?

मग ती सकाळ आली. मासा तळाला आडवा पडला होता. कल्ले हलत होते म्हणून जिवंत म्हणायचा. मी पिंपातून तांब्या भरला आणि टाकीवरची जाळी काढली.

"अगं!"

"थांबा हो जरा. आधी ह्याचं बघू दे."

"अगं! अगं!"

मी तांब्या वाकवला आणि ह्यांचा डावा हात आडवा आला. तांब्या ठणठणत फरशीवर, पाणी माझ्या साडीवर, टेबलावर, सगळीकडे. आणि मी फुटले. इतक्या महिन्यांचं एकदम फुटलं. "काय पाहिजे तुम्हाला? काय पाहिजे? तुमचं करू का माशाचं करू? मीच मरते, म्हणजे सगळ्यांची सोय होईल!" शेजारच्या बाईंचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी तांब्या उचलला, पुन्हा भरला आणि तरातरा टाकीकडे आले.

ह्यांनी टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला होता. तोंडावरून पाणी गळत होतं, पण हात निघत नव्हता. मी तो बाजूला करायला गेले तर त्यांनी बोटं टाकीच्या काठाभोवती वळवली. तहानलेला माणूस असं करत नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"हे पाणी घालू नको म्हणताय?"

त्यांनी मान हलवली. वर-खाली, नीट.

"पाणी खराब आहे?"

मान आडवी. मग डोळे पिंपाकडे वळले आणि तिथेच राहिले.

"पिंप? तांब्याचं आहे म्हणून?"

त्यांनी डोळे मिटले आणि डोकं खुर्चीला टेकवलं, वर्गातल्या ढ पोराने एकदाचं उत्तर दिल्यावर मास्तर टेकवतात तसं. ज्या माणसाने सगळं आयुष्य तांबं-पितळ हाताळण्यात घालवलं, त्याला तांबं माशाला बाधतं हे ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांदेखत मी रोज ते पाणी टाकीत ओतत होते, आणि तो मला थांबवत होता, आणि मी त्याला पाणी पाजत होते.

मी धावले. आमच्याकडे साठवलेलं दुसरं पाणी नव्हतं. शेजारच्या बाई अजून दारातच होत्या. त्यांच्या प्लास्टिकच्या पिंपात आदल्या दिवशी भरलेलं पाणी होतं, ते बादलीभर दिलं. एकदम सगळं बदललं तर माशाला झटका बसेल म्हणून पेल्यापेल्याने काढत आणि पेल्यापेल्याने घालत बसले. दिवसभर तेच केलं. हे खुर्चीतून हलले नाहीत. भात भरवायला गेले तर तोंड मिटून घेतलं, आणि मीही जेवले नाही. मासा आडवाच होता. संध्याकाळी त्याचे कल्लेही हलताना दिसेनात तेव्हा मी दिवा लावायचा म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले. मी माझ्या हाताने एका जिवाला विष घातलं होतं, तेही चिंचेने घासून, लाडाने. आणि तो गेला तर त्याच्यामागे ह्यांचा हात जाणार होता, हे मला दिव्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

सकाळी मासा सरळ होता. पोहत नव्हता, पण पोट खाली आणि पाठ वर होती. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. थोड्या वेळाने तो वेडावाकडा वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा तळाला जाऊन बसला. ह्यांनी ते पाहिलं. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून निघाला. टेबलाच्या कडेला अडला, पुन्हा निघाला, आणि बोट काचेला टेकलं. मासा आला नाही. बोट तिथेच राहिलं.

मी समोर खुर्ची ओढून बसले. रात्रभर जे मनात घोळत होतं ते विचारायची भीती वाटत होती.

"अहो," मी म्हटलं, "मी तुमच्यासमोर बोलत होते ते सगळं तुम्हाला कळत होतं? फोनवरचंसुद्धा?"

आणि झटका आल्यापासून, कालचा दिवस सोडला तर, पहिल्यांदा मी त्यांना काही विचारून उत्तरासाठी थांबले. त्यांनी काचेवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मान हलली. वर-खाली, नीट.

"मग मला गप्प का नाही बसवलंत?" मी रडत ओरडले.

ते हसायला लागले. अर्ध्याच तोंडाने, लाळ गाळत, खांदा हलवत, पण हसायला लागले. बरोबरच होतं, आख्ख्या संसारात त्यांना ते कधी जमलं नव्हतं, आता कुठून जमणार होतं? मलाही हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना, आणि मग ते हसू राहिलंच नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. इतके महिने हा माणूस माझ्या घरात पूर्णच्या पूर्ण होता, आणि मी त्याला रोज एकटं ठेवत होते.