बर्फातलं टोक

कारखान्याच्या तपासणी खोलीतले जुने तपासनीस रोज थर्मासमधून बर्फ आणत. कर्वेनगरहून लुनावर येणारी नवी इंजिनिअर मी, म्हणजे डोक्यावर गॉगल आणि डोक्यात हवा. विचारलं, "चहा का हो?"

"बर्फ. भट्टीतली तार दोन टोकांच्या तापमानातला फरकच सांगते. दुसरं टोक बर्फात ठेवलं की शून्य पक्कं. चहा तुम्ही आणा."

पुढे भट्टीचं तापमान मोजून सांभाळणारा परदेशी कंट्रोलर आला. तो खोलीचं तापमान स्वतःच मोजून फरकात मिळवायचा, बर्फ लागायचाच नाही. त्याचा आकडा बर्फाशी जुळला, तर यांची नोकरी जाणार. आणि तपासायचं यांनीच!

मी कुजबुजले, "अहो, फरक येतो म्हणा ना!"

"म्हणतो. भट्टीला तेवढं तुम्ही कळवा."

त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, साहेबांना "बरोबर आहे" सांगितलं आणि शांतपणे डबा उघडला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.