तीन नंबरचा पलंग

मी दहावी पास. नर्स व्हायला बारावी लागते, पुढं तीन-चार वर्षांचं शिक्षण आणि सरकारदरबारी नोंदणी. यातलं माझ्याकडं काहीच नाही. बीडच्या एका खासगी दवाखान्यात झाडू मारायला म्हणून लागले आणि बघून बघून सुई टोचायला शिकले. पुढं लहान पोराची शीर सापडेना झाली की डॉक्टर मलाच हाक मारायचे. सगळे सिस्टर म्हणायचे. त्या हाकेची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू?

दवाखान्याची सरकारी तपासणी असली की मात्र मी पेशंट व्हायचे. ज्यांची सर्टिफिकेटं भिंतीवर टांगलेली, त्या दोन मुली त्या दिवसापुरत्या इस्त्रीच्या कपड्यांत उगवायच्या. मला घरी पाठवलं तर खरे पेशंट कोण बघणार? म्हणून डॉक्टर म्हणायचे, "तीन नंबरवर पडून राहा. साहेब गेले की उठा." मी मुकाट्यानं पांघरूण घेऊन पडायचे.

मागच्या तपासणीला शेजारच्या पलंगावर चौसाळ्याची एक म्हातारी होती. चार दिवस तिचं सगळं मीच केलेलं. तपासणीचे साहेब आत आले आणि ती कण्हायला लागली. बघितलं तर सुई शिरेतून सरकलेली, सलाईन मांसात जात होतं, हात टम्म फुगलेला. सलाईन बंद करायला मला दोन पावलं पुरेशी होती. त्या दोघी साहेबांना रजिस्टर दाखवण्यात गुंग.

"सिस्टर, हात लई ठणकायलाय," म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली. "तू कावून निजलीस गं?"

साहेबांनी मान वळवली. उठले असते तर नोकरी गेली असती, आणि या वयात नुसत्या दहावीवर मला दारात कोण उभं करणार?

"आजी, मी सिस्टर न्हाई," मी म्हणाले. "मी बी पेशंटच हाय."

"ताप डोक्यात गेलेला दिसतोय आजींच्या," साहेब हसून म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

ते जिना उतरेपर्यंत मी पंख्याकडं बघत पडले होते. मग धावत जाऊन सलाईन बंद केलं आणि सुई काढायला तिचा हात धरला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

म्हातारीनं हात ओढून घेतला.

"तू ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "सिस्टरला बोलव."