पुढच्या सीटवरची मधली जागा

गेल्या हिवाळ्यात आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या बाईचा नवरा गेला. इथे ऑस्ट्रेलियात, पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. मागे राहिली ती, आणि गॅरेजमधली एक लांबलचक जुनी अमेरिकन गाडी. माझा नवरा भेटायला म्हणून गेला, त्याने ती गाडी पाहिली आणि तेव्हापासून त्याचे शनिवार तिकडेच जाऊ लागले.

"अगं, गाडी नुसती उभी राहिली तर बाद होते. कुणीतरी फिरवायला नको?"

"आणि आपलं लॉन? ते कुणी कापायचं?"

"संडेला कापतो ना. नो वरीज."

त्या गाडीची कुळकथा तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्या मलाही. पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्या एकमेकींवर चढाओढीने किमती पाडायला लागल्या, त्यात छोट्या भरडल्या गेल्या. हिच्या कंपनीची गाडी चांगली होती, पण बडे दरवर्षी नवा साचा काढायचे आणि यांना ते झेपेना. शेवटी दुसऱ्या एका बुडत्या कंपनीशी संसार मांडला, आणि थोड्या वर्षांत दोघींची नावं पुसली गेली. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने इथे यायचे, मुंबई बंदरातही उतरायचे. आता कुठे साधा नटही मिळत नाही. "पोरकी गाडी आहे गं," तो म्हणायचा, आणि त्याचा आवाज असा ओला व्हायचा की स्वतःच्या मुलांसाठीही मी तसा ऐकला नव्हता.

एका शनिवारी हॉस्पिटलच्या लॅबमधली माझी शिफ्ट लवकर संपली. बीचजवळच्या सिग्नलला मी उभी, आणि समोरून ती गाडी गेली. तिची पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे मधे अडसर नाही. उजवीकडे माझा नवरा. त्याला खेटून ती बाई. खिडकीकडची अख्खी जागा रिकामी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या शनिवारी केक घेऊन त्याच्याबरोबर निघाले. बाई सत्तरी ओलांडलेली, पण घोटे अजून नाजूक. मी आधी तेच पाहिलं.

नवरा बॉनेट उघडून वाकला तशी मी तिला इंग्रजीत सरळ विचारलं, "तुम्ही नेहमी मधेच बसता?"

ती हसली. कारखान्याच्या आवाजाने तिच्या नवऱ्याचा डावा कान गेला होता. त्याला ऐकू जायचं तर खेटून बसायला हवं. सगळा संसार तशीच बसली. आता दाराकडे सरकलं की चुकल्यासारखं वाटतं, म्हणाली. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी आणखी जळले. माझ्या नवऱ्याचे दोन्ही कान शाबूत आहेत, आणि आमचं बोलणं म्हणजे आज कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा.

"आणि तुमच्या लग्नाची ती गोष्ट!" ती म्हणाली. "मी रडलेच ऐकून."

"कुठली गोष्ट?"

मग तिनेच सांगितली. वसईला माझ्या नवऱ्याच्या काकाकडे याच कंपनीची गाडी होती. गावातल्या नवऱ्या तिच्यातून चर्चला जायच्या. आपलीही नवरी हिच्यातूनच आणायची, हे याने शाळेत असतानाच ठरवलं होतं. पण कंपनी कधीच बुडालेली, भाग मिळेनात, आणि ऐन आमच्या लग्नाच्या आधी काकाने गाडी भंगारात दिली. मी गेले भाड्याच्या गाडीतून. माझ्याच लग्नाची गोष्ट मला इथे वॉलॉंगॉंगमध्ये एक परकी बाई सांगत होती, आणि वर डोळे पुसत होती.

बॉनेट बंद झालं. "हॉप इन, लव," म्हणत तिने डावीकडचं दार उघडलं आणि आपल्या सवयीने आधी स्वतः आत शिरायला वाकली. मी तिला मागे सारून घुसले आणि थेट मधे जाऊन बसले. ती क्षणभर दार धरून उभी राहिली, मग खिडकीशी टेकली. तिचा चेहरा पडलेला मला दिसला. मी हलले नाही.

गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला लागल्यावर मी मराठीत विचारलं, "काकांची गाडी भंगारात गेली, हे मला का नाही सांगितलंस?"

"लग्न तोंडावर आलं होतं. तुझा मूड गेला असता."

"आणि नंतर?"

"नंतर लाज वाटली." त्याने गिअर बदलला, कोपर मला लागलं. "भंगारवाल्याकडे गेलो होतो मी. म्हटलं, एका दिवसासाठी परत दे. चालत नसली तर चालत नाही, तुला आत बसवून चर्चपर्यंत ढकलत नेतो. पोरं तयार होती सगळी. पण तोवर त्याने दारं कापून काढली होती."

"हे हिला सांगितलंयस?"

"नाही. कुणालाच नाही."

बाई खिडकीकडून माझ्याकडे वळली. "काय म्हणतोय गं तो?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नथिंग," मी म्हटलं. "जस्ट कार्स."