कोलंबोला गेलेला कांदा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लोणीतल्या कांदा उत्पादकांच्या कंपनीचा पत्रव्यवहार पाहू लागले. इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच कारण. अध्यक्ष माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, यांनी कांदा धरला. त्यांच्या ओळखीवर आम्ही दोन कंटेनर कांदा कोलंबोच्या एका व्यापाऱ्याला पाठवला. आधीच्या तिन्ही वेळा त्याचे पैसे वेळेवर आले होते. या वेळी माल उतरला, विकलाही गेला, पण पैसे आले नाहीत. त्या देशातले डॉलरच संपले होते.

हे सभासदांना समजावणं माझ्याकडे आलं.

"देशातलं पैसं संपत्यात म्हंजी काय, बाई?" एकानं विचारलं. मी दोनदा सांगून पाहिलं. त्याला पटलं नाही, खरं तर मलाही नीट कळलं नव्हतं.

पाच महिने मी मेल लिहीत राहिले. व्यापाऱ्याचं उत्तर एकच, थोडं थांबा. शेवटी तिथल्या आपल्या उच्चायुक्तालयाला लिहिलं. आठवड्यानं व्यापार विभागातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज तरुण, पण दमलेला.

"मॅडम, अशी पुष्कळ प्रकरणं माझ्याकडे पडलीत," तो हिंदीत म्हणाला. "करारपत्र पाठवा."

करारपत्र नव्हतंच. सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर झालेला. दोन दिवस बसून मी अध्यक्षांच्या फोनमधला मोडक्या हिंदीतला एकेक निरोप उतरवून काढला. त्यात कांद्याचा भाव होता, व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण होतं आणि अध्यक्षांनी त्याला सांगितलेलं गुडघेदुखीचं औषधही होतं. सगळं घेऊन घोडेगावला नोटरीकडे गेले.

"हे गुडघ्याचंबी साक्षांकित करायचं का?" त्यांनी विचारलं.

"करा," म्हटलं. वगळत बसायचं त्राण नव्हतं.

मग त्या अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. दुपारी शेडमध्ये क्रेटवर लॅपटॉप ठेवला, मागे सभासद उभे राहिले. व्यापारी दिसला. उतारवयाचा, दाढी वाढलेली.

"भाईसाब, हमारा माल खराब था क्या?" अध्यक्षांनी विचारलं.

त्यानं मान हलवली आणि एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बँकेची पावती होती. कांदा उतरला त्याच आठवड्यात त्यानं त्यांच्या रुपयांत सगळे पैसे भरले होते. बँकेकडे पुढे पाठवायला डॉलर नव्हते. दरम्यान त्यांचा रुपया कोसळला, तेवढ्याच डॉलरला आता जास्त रुपये लागत होते, आणि बँक तो वरचा फरक त्याच्याकडे मागत होती.

"मी एकदा दिलेत," हिंदी अपुरी पडली तसा तो इंग्रजीत म्हणाला. "आता आणखी कुठून आणू?"

मी ते सभासदांना मराठीत सांगितलं. पाच महिने मी ज्या लबाड माणसाला पत्रं लिहीत होते, तो तिथं नव्हताच. राग होता तोवर निदान काम तरी रेटत होते.

अधिकारी म्हणाला, "मी कुणाला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. तुमचे पैसे लवकर सुटावेत म्हणून बँकेशी बोलेन. फरकाचं तुम्ही दोघांनी ठरवा."

अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "निम्मा फरक आमी सोसतो. सांगा त्यांना, बाई."

मागे कुजबुज झाली. एकजण चप्पल घालून निघून गेला. व्यापाऱ्यानं हात जोडले, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसलं नाही.

पैसे तुकड्यातुकड्यांनी येत राहिले, वर्षाहून जास्त. मध्येच त्या अधिकाऱ्याची बदली झाली. नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तोवर पाच सभासद कंपनी सोडून गेले होते.

शेवटचा हप्ता जमा झाल्याचं बँकेनं कळवलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. अध्यक्षांना फोन केला.

"आलं का? बरं झालं," ते म्हणाले. "लई दमवलं राव या कांद्यानं."

मेथी तशीच ठेवून मी आडवी झाले, ती दिवस कलल्यावर उठले.