वरची कवळी आणि सनईची पत्ती

"वरचे सगळेच दात काढावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "पायोरिया आहे." पायोरिया म्हणजे हिरड्यांत पू होऊन दातांची मुळं सैल पडणं. मी श्रीरामपूरला त्या दवाखान्यात एकच दाढ दुखते म्हणून गेलो होतो.

मी पुणतांब्याचा सनईवाला. वडलांपासून गावचं लग्न आमच्या सनईशिवाय लागत नाही. धाकटा भाऊ दामू शेजारी बसून सूर धरायचा, म्हणजे एकच स्वर न तोडता वाजवत राहायचा. सनईच्या टोकाची फुंकायची पत्ती ओठांत धरतात, पण ओठांना आधार दातांचा लागतो. दात गेले की सनई गेली, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

"हाडात खुंटीवानी दात रवता येत न्हाई का?" मी विचारलं.

"परदेशात तसले प्रयोग चालतात म्हणे. आपल्याकडे कवळीच."

दर खेपेला दोन-तीन दात निघायचे. भुलीचं इंजेक्शन एस.टी. गावाला पोचेपर्यंत उतरायचं आणि रस्त्याचा एकेक खड्डा थेट कवटीत बसायचा. तोंडात रक्ताचा बोळा, पोटात ताकातल्या कण्या. हिरड्या भरेपर्यंत लग्नसराई जवळ आली. ती बांगलादेशाच्या लढाईनंतरची लग्नसराई, सुपाऱ्या आधीच घेतलेल्या.

कवळी बसली आणि खरा छळ सुरू झाला. कडेनं हिरडीला अल्सर झाला. अल्सर म्हणजे चामडी सोलवटून पडलेला व्रण. पाणी लागलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दुखलं की दाखवायला या." पण आमच्या धंद्यात पत्ती जड बोलली, म्हणजे फुंकायला जोर लागला, तर कुणाला दाखवायला नेत नाहीत, काचेच्या तुकड्यानं स्वतःच खरवडून हलकी करतात. मी कवळीही तशीच खरवडली. एक जागा थांबली की दुसरी टोचायची. मी पुन्हा खरवडायचो, आणि कसं नामी जमलंय म्हणून खूशही व्हायचो.

पाटलाच्या मांडवात नवरदेव दारात आला, मी सनई ओठांना लावली आणि पहिल्याच फुंकीला कवळी सुटून पत्तीवर आपटली. सनईतून नुसती हवा गेली. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. दामूनं मात्र सूर सोडला नाही. वऱ्हाड आत जाईस्तोवर त्याचा एकटा सूर चालू होता, आणि तो ऐकत मी मान खाली घालून बसलो होतो.

घरी येऊन गोठ्यात पडलो. जेवण नको, माणसं नकोत. गोदावरी काही लांब नव्हती, तेही मनात येऊन गेलं. बायको पेज घेऊन आली. "आवं, दात गेलं, मानूस न्हाई गेलं. उठा."

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कवळी हातात फिरवून पाहिली. रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. "दुखत असेल तेव्हा दिवसभर घालून यायचं. लाल झालेली जागा मला दिसते, तेवढीच मी घासतो. तुम्ही सगळीकडं खरवडलीत, हिची पकड गेली. नवी करावी लागेल."

नवी केली. तिनंही रडवलं, पण दर वेळी मी एस.टी. धरली. आता कालवून भाकरी खातो. सनई मात्र परत आली नाही. संथ सूर निघतो, तान घेतली की ओठ घसरतो. ज्यांच्या नशिबी कवळी येईल त्यांना एवढंच सांगतो, दुखणं अंगावर काढू नका आणि आपली कारागिरी तिच्यावर चालवू नका.

आता दामू सनई वाजवतो आणि मी सूर धरतो. पहिल्या लग्नाला आम्ही मांडवात बसलो. दामूनं पत्ती आणि काचेचा तुकडा माझ्यापुढं धरला.

"दादा, लई जड बोलतीय. तुझ्याच हातानं कर."

मी खरवडून दिली. मग त्यानं सनई उचलली आणि मी सूर धरला.